जुन्या नोटांची पारख

आपल्या चांदवडला पैशाचा इतिहास नवा नाही. होळकरांच्या अमदानीत येथे टांकसाळ चालत होती आणि तिच्यातून पडणारा चांदीचा रुपया 'चांदवडी रुपया' म्हणून बाजारात ओळखला जाई. नाणेसंग्राहकांच्या सूचींत 'जाफराबाद उर्फ चांदोर' असे जिचे नाव येते ती टांकसाळ हीच. त्या रुपयाची पारख करणे सराफाला अवघड नव्हते. वाजवून पाहावा, तोलून पाहावा, कसोटीवर घासून पाहावा. चांदी खरी निघाली की रुपया खरा. नाणे कितीही झिजले तरी धातूचे मोल त्यात शिल्लक राहते. कागदी नोटेचे तसे नाही. नोट म्हणजे सरकारने किंवा बँकेने दिलेले एक वचन. ते वचन संपले की हातात उरतो केवळ छापील कागद. आणि तरीही असा एखादा कागद त्याच्यावर छापलेल्या रकमेच्या शेकडो पट किमतीला विकला जातो, तर दुसरा तसाच दिसणारा कागद कोणी फुकट घेत नाही. हे असे का होते, आणि यातला फरक सामान्य माणसाला आपल्या डोळ्यांनी कसा ओळखता येईल, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

विषय काहींना हौशी लोकांचा वाटेल. परंतु गेली काही वर्षे माझ्याकडे विद्यार्थी जुन्या नोटा घेऊन येतात. कोणाला त्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत सापडलेल्या असतात, कोणाला देवघरातल्या डब्यात. 'सर, हिचे किती येतील?' हा पहिला प्रश्न असतो. त्यामागे पुष्कळदा घरची अडचण असते आणि मोबाइलवर आलेली लाखो रुपयांची जाहिरातही असते. अशा वेळी नोटेची पारख हा हौसेचा विषय राहत नाही. फसवणूक टाळण्याचे ते एक साधन होते.

आपल्या घरांत कोणत्या नोटा असू शकतात?

आधी थोडा इतिहास पाहू, कारण हातातली नोट कोणत्या काळची हे कळल्यावाचून पुढचे काहीच कळत नाही. हिंदुस्थानात नोटा काढण्याचा अधिकार १८६१ च्या कायद्याने सरकारने स्वतःकडे घेतला. त्या वेळच्या नोटा एकाच बाजूला छापलेल्या, हातकागदावरच्या आणि इंग्लंडहून छापून आलेल्या असत. राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेल्या पहिल्या नोटांची नक्कल होऊ लागली म्हणून १८६७ पासून त्या मागे घेऊन दुसऱ्या पद्धतीच्या नोटा काढण्यात आल्या. त्या काळी मोठी रक्कम टपालाने पाठवायची तर लोक नोट मधोमध कापत, एक अर्धा आज पाठवीत आणि तो पोचल्याचे कळले की दुसरा. क्रमांक दोन्ही अर्ध्यांवर असल्यामुळे ते पुन्हा जोडता येत. म्हणून त्या काळची मधोमध कापून मागून कागद चिकटवलेली नोट दिसली, तर तो त्या काळच्या व्यवहाराचा पुरावा समजावा. नंतरच्या काळच्या नोटेवर असाच जोड दिसला, तर मात्र ते केवळ नुकसान होय.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१७ साली एक रुपयाची नोट निघाली. तिच्यामागून अडीच रुपयांचीही आली. एक रुपयाच्या या नोटा पंचवीस-पंचवीसच्या पुस्तिकेत बांधलेल्या असत आणि वहीचे पान फाडावे तशी एकेक नोट फाडून द्यायची. म्हणून या नोटेची एक कड थोडी दातेरी असणे हा दोष नव्हे. उलट चारही कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ असतील तर शंका घ्यावी.

नोटा इंग्लंडहून येत असत याची एक विलक्षण आठवण अलीकडेच ताजी झाली. 'शिराला' नावाचे जहाज २ जुलै १९१८ रोजी जर्मन पाणबुडीने इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडवले. त्यावर हिंदुस्थानसाठी छापलेल्या नोटा होत्या. त्यांपैकी काही किनाऱ्याला लागल्या, आणि त्यातल्या दहा रुपयांच्या दोन नोटा २०२४ च्या मे महिन्यात लंडनमध्ये लिलावाला आल्या. समुद्राचे खारे पाणी पचवून शंभर वर्षे टिकणारा हा कागद आपल्या वहीच्या कागदासारखा नसतो. तो सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला, चिवट कागद असतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

१९२८ पासून नोटा आपल्याच जिल्ह्यात, नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापल्या जाऊ लागल्या आणि १९३२ पर्यंत सर्व किमतींच्या नोटा तेथेच निघू लागल्या. आपल्या भागातल्या किती घरांतली माणसे 'प्रेसमध्ये' नोकरीला होती हे सांगायला नको. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली; तिच्या नावाची पहिली नोट, पाच रुपयांची, सहाव्या जॉर्जचे चित्र घेऊन १९३८ साली आली. दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये एक रुपयाची नोट पुन्हा निघाली. १९४३ साली चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. रायगड जिल्ह्यात जन्मलेल्या या मराठी माणसाची सही इंग्लंडच्या राजाच्या चित्राशेजारी असलेल्या नोटा महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत अजूनही सापडतात.

आपल्या तालुक्याच्या दृष्टीने आणखी एक प्रकार महत्त्वाचा आहे. मनमाड आपल्याला जवळ. तेथून निजामच्या राज्यात जाणारी रेल्वे निघते. हैदराबाद संस्थानाने १९१८ च्या कायद्याने स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांना उस्मानिया सिक्का म्हणत. सात उस्मानिया रुपये म्हणजे सहा इंग्रजी रुपये असा हिशेब होता. या नोटांवर इतर भाषांबरोबर मराठीही आहे आणि नाशिकचे मुद्रणालय सुरू झाल्यावर त्या तेथेच छापल्या जाऊ लागल्या. मराठवाड्याशी ज्यांचा धान्याचा, गुरांचा किंवा कापडाचा व्यापार होता त्यांच्या घरी अशी नोट निघाल्यास नवल नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली सारनाथच्या सिंहशीर्षाची एक रुपयाची नोट निघाली. हिंदीला नोटेवर ठळक जागा मिळाली तेव्हा 'रुपया'चे अनेकवचन काय करावे याची चर्चा झाली. काही सुरुवातीच्या नोटांवर अनेकवचनाच्या जागीही 'रुपया' असेच छापलेले आहे आणि संग्राहक ती नोट वेगळी मोजतात. १९६७ मध्ये काटकसरीसाठी नोटांचे आकार लहान झाले. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या नोटा आल्या. त्यांतल्या काहींवर बी. एन. आदरकर यांची सही आहे. ते ४ मे ते १५ जून १९७० एवढेच दिवस गव्हर्नर होते. एक रुपयाच्या नोटेवर मात्र गव्हर्नरांची सही नसते, अर्थसचिवांची असते. डॉ. मनमोहन सिंग यांची सही म्हणूनच दोन्ही प्रकारच्या नोटांवर सापडते. सही पाहून काळ ठरवणे ही पारखीची पहिली पायरी आहे.

किंमत कशावर ठरते?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पुरवठा आणि मागणी ही जोडी पाठ असते. जुन्या नोटेच्या बाबतीत तिच्यात तिसरी गोष्ट मिळवावी लागते, ती म्हणजे स्थिती. नोट किती उरल्या आहेत, त्या किती जणांना हव्या आहेत, आणि आपल्या हातातली नोट कोणत्या अवस्थेत आहे, या तिन्हींवर किंमत ठरते. केवळ जुनेपणाला किंमत नसते. ज्या नोटा कोट्यवधी छापल्या गेल्या आणि लोकांनी गड्ड्याच्या गड्ड्या जपून ठेवल्या, त्या पन्नास वर्षांनीही स्वस्तच राहतात. पाठीमागे ट्रॅक्टर असलेली पाच रुपयांची नोट याच वर्गातली आहे.

पहिल्या दोन गोष्टी पुस्तकात आणि लिलावाच्या यादीत सापडतात. तिसरी मात्र आपल्यालाच पाहावी लागते आणि बहुतेक फसवणूक तेथेच होते. दोन नोटांवर तेच वर्ष, तीच सही, तीच छपाई असते. एक कोरी, दुसरी घड्यांनी पिचलेली. त्यांच्या किमतीत अनेक पटींचा फरक पडतो.

नोट कशी पाहावी?

हात धुऊन कोरडे करावेत. नोट टेबलावर स्वच्छ पांढऱ्या कागदावर ठेवावी आणि उचलताना कडांनी उचलावी. एक साधे भिंग, एक पट्टी आणि तिरपा प्रकाश पाडता येईल असा दिवा एवढी सामग्री पुरते.

प्रथम नोट सपाट ठेवून प्रकाश अगदी आडवा पाडावा. सरळ प्रकाशात न दिसणाऱ्या घड्या अशा प्रकाशात शेताच्या बांधासारख्या उठून दिसतात. मधली उभी घडी, आडवी घडी, कोपऱ्यांच्या मुडपी, सगळ्या मोजाव्यात. घडीने कागद नुसता वाकला आहे की तंतू तुटून शाई उडाली आहे, हेही पाहावे. दोहोंत मोठा फरक आहे.

मग नोट उजेडासमोर धरावी. टाचणीची भोके, कडेच्या बारीक चिरा, पातळ झालेल्या जागा आणि मागून लावलेला कागद येथे उघडा पडतो. जलचिन्ह आणि सुरक्षा धागा असल्यास तोही येथेच पाहावा.

तिसऱ्याने समास पाहावेत. छपाईभोवतीची कोरी पट्टी चारही बाजूंना साधारण सारखी असावी. एका बाजूची पट्टी फारच अरुंद असेल, तर ती फाटकी कड कापून साफ केलेली असण्याची शक्यता असते. त्याच प्रकारच्या दुसऱ्या नोटेचे माप घेऊन पट्टीने पडताळावे.

चौथी गोष्ट कागदाचा जीव. सुती कागदाची न वापरलेली नोट हलकेच हलवली तर करकर आवाज देते आणि ताठ राहते. पुष्कळ फिरलेली नोट कापडासारखी लोळते. आणि शेवटी मागची बाजू. पुढची बाजू सुंदर ठेवून दोष पाठीमागे लपवणे हा जुना प्रकार आहे. चिकटपट्टी, शाईचे आकडे, दुकानाचा शिक्का, गंज, तेल, हळदकुंकू हे सारे मागे सापडते.

प्रती आणि त्यांची नावे

संग्राहकांनी स्थितीच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. त्यांची इंग्रजी नावे आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्याही तोंडी आहेत, म्हणून ती माहीत असावीत. 'अनसर्क्युलेटेड' म्हणजे चलनात न आलेली, एकही घडी नसलेली, टोकदार कोपऱ्यांची कोरी नोट. 'अबाऊट अनसर्क्युलेटेड' म्हणजे जवळपास तशीच, पण एखादी हलकी घडी किंवा कोपऱ्याला हाताळल्याची खूण असलेली. 'एक्स्ट्रीमली फाइन' नोटेला दोन-तीन हलक्या घड्या किंवा एक ठळक घडी चालते, कागद मात्र कडक हवा. 'व्हेरी फाइन' म्हणजे बऱ्याच घड्या, थोडा मळ, पण अंगात अजून ताठपणा. 'फाइन' नोट चांगलीच फिरलेली असते आणि मऊ पडू लागलेली असते. कडेला लहान चिरा असल्या तरी त्या चित्रापर्यंत गेलेल्या नसतात. 'व्हेरी गुड' म्हणजे लोळलेली, डागाळलेली, कोपरे गोल झालेली. 'गुड' म्हणजे त्याहून खराब, आणि शेवटी 'फेअर' व 'पुअर'.

येथे इंग्रजी विशेषणांनी फसू नये. व्यापाऱ्याने 'नोट गुड आहे' म्हटले तर घरी न्यायला चांगली आहे असा अर्थ होत नाही. या शिडीवर गुड हे जवळजवळ तळाशी आहे.

अलीकडे नोटा तपासून, गुण देऊन, प्लास्टिकच्या वेष्टनात बंद करून देणाऱ्या परदेशी संस्था निघाल्या आहेत. त्या १ ते ७० अशा अंकांनी स्थिती सांगतात आणि ज्या नोटेच्या कागदावर कोणतीही प्रक्रिया केलेली नाही तिला वेगळा शेरा देतात. महागड्या नोटेला असे प्रमाणपत्र उपयोगी पडते. साध्या नोटेला मात्र तपासणीचा खर्चच नोटेपेक्षा जास्त होतो.

आपल्या देशाच्या नोटांचा एक खास दोष आहे. बँका गड्ड्यांना पिना मारीत, त्यामुळे एकदाही व्यवहारात न आलेल्या नोटेलाही डावीकडे भोके पडलेली असतात. रिझर्व्ह बँकेने २००१ च्या नोव्हेंबरात बँकांना पिना मारणे बंद करून कागदी पट्टी वापरण्यास सांगितले. त्याआधीच्या भारतीय नोटेला पिनेची दोन बारीक भोके असली तर जाणकार ती समजून घेतात, पण ती सांगितली पाहिजेत. भोकाभोवती गंज पसरला असेल किंवा पीन ओढताना कागद फाटला असेल, तर प्रत खाली येते. आणि भोकेच नसलेली जुनी नोट मिळाली तर तिला अधिक किंमत पडते. म्हणूनच भोके बुजवणारे कारागीरही निघाले आहेत. भोकाच्या जागी उजेडासमोर ठिपका गडद दिसला तर समजावे.

'सुधारलेली' नोट

नोट धुणे, इस्त्री करणे, खळ लावून कडक करणे, कडा छाटणे, फाटलेली जागा चिकटवणे हे सर्व प्रकार चालतात. काही अजाणतेपणी होतात, काही जाणूनबुजून. धुतलेल्या नोटेचा मळ जातो, पण त्याबरोबर छपाईचा उठावही जातो आणि रंग फिके पडतात. मळकट घड्या असून मधला कागद संशयास्पद पांढरा दिसतो. दुकानदार खोट्या नोटा ओळखायला जो जांभळा दिवा ठेवतात तो येथे कामाचा आहे. जुना सुती कागद त्याच्याखाली मंदच दिसतो. आजच्या धुण्याच्या पावडरीतली चमक कागदात उतरली असेल तर तो निळसर उजळतो. नंतर लावलेला कागद आणि डिंकही असेच वेगळे दिसतात.

इस्त्री केलेली नोट सपाट होते, पण आडव्या प्रकाशात घडीची रेघ पुसटशी राहतेच. शिवाय क्रमांक छापताना कागदात उमटलेला दाब मागच्या बाजूला बोटाला जाणवतो. दाबून सपाट केलेल्या नोटेत तो नाहीसा होतो.

क्रमांकाच्या नादाने होणारी लबाडी निराळी. ७८६ असलेल्या, सर्व आकडे सारखे असलेल्या किंवा जन्मतारीख जुळणाऱ्या नोटा लोक हौसेने घेतात. त्यासाठी एखादा आकडा खरवडून बदलला जातो. भिंगाखाली तेथील तंतू उचललेले दिसतात आणि आकड्यांची ओळ हललेली असते. त्याच जातीची दुसरी लबाडी वरून मारलेल्या शिक्क्यांची. १९४८ साली पाकिस्तानसाठी नाशिकला छापलेल्या नोटांवर त्या सरकारचे नाव अधिक छापले होते. अशा नोटा महाग म्हणून साध्या नोटेवर खोटा छाप मारणारे आहेत. येथे घड्यांचा उपयोग होतो. मूळ छाप आधीचा आणि घडी नंतरची, म्हणून घडीवर शाई तुटलेली दिसली पाहिजे. शाई घडीच्या खाचेत उतरली असेल, तर छाप घडीनंतरचा आहे.

थोडक्यात, नोटेचे वय वाढवता येत नाही आणि तिची गेलेली अवस्था परत आणता येत नाही. जी नोट जशी आहे तशी असते, ती मळकी असली तरी विश्वासाची. सुधारलेली नोट ज्याला ओळखता येते तो तिला मळक्या नोटेहून कमी किंमत देतो.

एक उदाहरण

तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तीन नोटा आणल्या होत्या. आजीच्या देवघरातल्या पितळी डब्यात त्या वर्षानुवर्षे होत्या आणि दर लक्ष्मीपूजनाला पूजेत मांडल्या जात. तिला पुढे बी. एड.ला जायचे होते आणि फीची जुळवाजुळव चालली होती. त्यातच मोबाइलवर एकाने 'या नोटांचे चार लाख देतो, आधी नोंदणीचे पंधराशे पाठवा' असा निरोप पाठवला होता. मी तिला प्रथम ते पंधराशे न पाठवण्यास सांगितले आणि मग आम्ही दोघांनी मिळून नोटा पाहिल्या.

पहिली दहा रुपयांची, समोर पाहणाऱ्या सहाव्या जॉर्जची, चिंतामणरावांच्या सहीची. चौपट घडी, मधल्या घडीला चीर आणि मागे पिवळी पडलेली चिकटपट्टी. तिने विचारले, 'सर, पट्टी काढू का?' मी नको म्हणालो. पट्टीबरोबर शाई आली असती. दुसरी १९४० ची एक रुपयाची. दोन हलक्या घड्या, कागद कडक, कोपरे शाबूत. तिसरी उस्मानिया सिक्क्याची एक रुपयाची, तिचे आजोबा मनमाडला व्यापारासाठी जात त्या काळची, पण तिच्यावर हळदकुंकवाचा रुपयाएवढा डाग. तिने तिन्हींची स्थिती स्वतः वहीत लिहून काढली, आणि नाशिकच्या एका नाणे प्रदर्शनात ती वडिलांबरोबर जाऊन तीन व्यापाऱ्यांना विचारून आली. पहिल्याने सांगितलेली किंमत आणि तिसऱ्याने दिलेली किंमत यांत दुपटीहून अधिक फरक होता; वहीतल्या नोंदी पुढे ठेवल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्याने घासाघीस फारशी केली नाही. पहिल्या दोन नोटा विकल्या. लाख तर राहोच, मिळाले ते काही हजार. परंतु प्रवेशाच्या वेळचा खर्च त्यात निघाला. डागाळलेली उस्मानिया नोट कोणी विशेष विचारली नाही. ती आजीने परत मागून घेतली. विद्यार्थिनीने तिच्या पाकिटावर आजोबांचे नाव, गाव आणि मनमाडच्या बाजाराची हकीकत लिहून ठेवली. अभ्यासकाच्या दृष्टीने त्या नोटेचे महत्त्व अशा नोंदीने वाढतेच.

खरेदी करताना

ज्यांना संग्रह सुरू करायचा आहे त्यांनी पहिले पैसे नोटेवर घालवू नयेत, पुस्तकावर घालवावेत. किशोर झुनझुनवाला आणि रिझवान रझाक यांचा भारतीय नोटांवरील संदर्भग्रंथ या क्षेत्रात सर्वत्र वापरला जातो. मग एकच लहान विषय निवडावा: एक रुपयाच्या नोटा, एका गव्हर्नराच्या सहीच्या नोटा, किंवा हैदराबादच्या नोटा. सर्वच गोळा करू पाहणाऱ्याचे काहीच पूर्ण होत नाही.

नोट हातात घेऊन, वेष्टनातून बाहेर काढून पाहू देणाऱ्याकडूनच घ्यावी. पावती घ्यावी आणि तिच्यावर नोटेचा क्रमांक व सांगितलेली प्रत लिहून घ्यावी. खोटी निघाल्यास परत घेण्याची तयारी विचारावी. लिलावात बोलीच्या रकमेवर आकार आणि कर चढतो. तो आधी मोजावा. फोटो पाहून घ्यायची वेळ आलीच, तर दोन्ही बाजूंचे आणि उजेडासमोर धरलेला असे तीन फोटो मागावेत. छापील किमती ही विक्रेत्याची अपेक्षा असते; प्रत्यक्षात काय मिळाले हे लिलावाच्या निकालावरून कळते.

कायद्याचेही भान हवे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रद्द झालेल्या पाचशे आणि हजारच्या नोटा बाळगण्यावर २०१७ च्या कायद्याने मर्यादा घातली आहे. एकूण दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. १६ जानेवारी १९७८ रोजी रद्द झालेल्या हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटांच्या हस्तांतरावरही त्या वेळच्या कायद्याने बंधन घातले होते. अशा नोटा कोणी देऊ केल्या तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून जुन्या नोटांच्या खरेदीविक्रीवर शुल्क किंवा कर मागणाऱ्यांविषयी त्या बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर सूचना दिली आहे. बँक असा व्यवहार करीत नाही आणि कोणाला त्याचा अधिकारही देत नाही. आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक हा गिऱ्हाईक नव्हे, एवढी खूणगाठ पुरे.

जपणूक

घरची नोट विकायची असो वा ठेवायची, तिला काही करू नये. धुऊ नये, इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये. घडी असेल तर ती हळूच उघडून नोट सरळ ठेवावी. बाजारातल्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या काही वर्षांत नोटेला चिकटतात. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे घ्यावीत. ती न मिळाल्यास स्वच्छ पांढऱ्या, आम्लरहित कागदाची घडी चालेल. पाकीट पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये घालून लाकडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवावे. पत्र्याची पेटी पावसाळ्यात गंज आणि ओल धरते, भिंतीलगत वाळवी लागते आणि बंद राहिलेल्या कागदाला कसर लागते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास, सर्व बाहेर काढून पाहावे. उन्हात मात्र ठेवू नये.

ज्यांना याहून पुढे जायचे असेल त्यांना फार दूर जाण्याची गरज नाही. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० मध्ये भारतीय नाणकशास्त्राच्या संशोधनाची संस्था स्थापन झाली आणि थोर नाणकतज्ज्ञ परमेश्वरीलाल गुप्त तिचे पहिले संचालक होते. मुंबईला रिझर्व्ह बँकेचे नाण्या-नोटांचे संग्रहालय २००४ साली सुरू झाले. इतिहास आणि अर्थशास्त्र या दोन्ही विभागांनी मिळून तेथे एक सहल काढावी आणि आपल्या ग्रंथालयात तालुक्यातील घरांत सापडणाऱ्या नोटांची एक नोंदवही ठेवावी, असे मला वाटते. नोट कोणी द्यायची नाही. फक्त तिचे वर्ष, सही, क्रमांकाची मालिका, स्थिती आणि ती घरात कशी आली ही हकीकत लिहून ठेवायची. ज्यांना या हकीकती तोंडपाठ आहेत ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर आजी-आजोबांजवळ बसून एवढे एक काम विद्यार्थ्यांनी करावे.